एक भोक, दोन तारा आणि सैल केलेले स्क्रू: अमिगा ५०० मध्ये पीसीची एचडी फ्लॉपी ड्राइव्ह

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या मिडलंड्स भागातलं एक मराठी कुटुंब. वडील निवृत्त डॉक्टर, वय ऐंशीच्या पुढे. मुलगी चाळिशी ओलांडलेली. नावगाव मुद्दामच देत नाही. १९९० च्या नाताळात त्यांच्या घरी कॉमोडोर कंपनीचा अमिगा ५०० हा घरगुती संगणक आला, मुलीला खेळ खेळता यावेत म्हणून. काही महिन्यांत त्यावर खरा ताबा वडिलांचा झाला. ते रविवारी मराठी वर्गात मुलांना अक्षरओळख शिकवायचे. देवनागरी फॉन्ट हाताशी नव्हता, म्हणून त्यांनी डिलक्स पेंट या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये माउसने एकेक अक्षर काढलं. बाराखडी, जोडाक्षरं, गवताचा ग, छत्रीचा छ. काढायचं, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापायचं आणि रविवारी मुलांच्या हातात द्यायचं. हे सात-आठ वर्षं चाललं.

मग पीसी आला आणि अमिगा माळ्यावर गेला. सोबत ४६ फ्लॉपींचा खोका.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. शनिवार-रविवारी जुने घरगुती संगणक दुरुस्त करतो. ओळखीतून मुलीचा फोन आला. तिचं म्हणणं अगदी स्पष्ट होतं: "बाबांना नुसती चित्रं दाखवायची असती तर मी टॅबलेट दिला असता. त्यांना डिस्क आत ढकलायचीय, तो आवाज ऐकायचाय आणि स्वतःच्या हाताने फाइल उघडायचीय."

काम अर्ध्यात होतं तेव्हा असं वाटलं होतं की हे फक्त ड्राइव्ह बदलण्याचं प्रकरण आहे. ते तसं नव्हतं, म्हणून सगळं नीट लिहून काढतोय.

अडचण

यंत्र चालू व्हायचं, स्क्रीनवर डिस्क धरलेल्या हाताचं ओळखीचं चित्र यायचं आणि गाडी तिथेच थांबायची. आतली ड्राइव्ह कुठलीच डिस्क वाचत नव्हती.

बोलताबोलता मुलगी म्हणाली होती, "शेवटी शेवटी दुकानातून आणलेले गेम चालेनासे झाले होते. बाबांच्या डिस्क मात्र उघडायच्या. त्यांनी वर्कबेंचची एक कॉपी करून ठेवली होती, तीसुद्धा चालायची." (वर्कबेंच म्हणजे अमिगा सुरू करायची सिस्टिम डिस्क.) मी हे ऐकलं आणि सोडून दिलं. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा त्या दोन वाक्यांत होता.

ड्राइव्ह दुसरीकडे लिहिलेल्या डिस्क नाकारते आणि स्वतः लिहिलेल्या वाचते, याचा अर्थ तिचं हेड (वाचणारा-लिहिणारा भाग) ट्रॅकच्या, म्हणजे डिस्कवरच्या वर्तुळाकार पट्टीच्या रेषेवरून सरकलेलं असतं. ती लिहिते ते थोडं बाजूला आणि वाचतेही तिथेच, म्हणून तिचं तिला बरोबर जमतं. बाकी जगाशी मात्र तिचा मेळ बसत नाही. ३.५ इंची डिस्कवर एका इंचात १३५ ट्रॅक बसतात. दोन ट्रॅकमधलं अंतर ०.१९ मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे केसभर सरकलं तरी पुरे.

पहिल्याच भेटीत मी ड्राइव्ह उघडली, हेड साफ केली, रुळावरचं वाळून घट्ट झालेलं ग्रीस काढून नवं लावलं. तरीही वाचेना. मग हेड पुढेमागे करणाऱ्या स्टेपर मोटरचे दोन स्क्रू सैल केले आणि दुकानातली मूळ वर्कबेंच डिस्क घालून रेषा जुळवायला बसलो. खालची बाजू सुरेख जुळली. वरच्या बाजूकडून काहीच येईना. ऑसिलोस्कोप (सिग्नल पडद्यावर रेघेसारखा दाखवणारं उपकरण) लावला तर खालच्या हेडचा सिग्नल ठणठणीत, वरच्याची रेघ सपाट. वरचं हेड मेलेलं होतं. अमिगाची डिस्क दोन्ही बाजूंनी लिहिलेली असते, त्यामुळे एका हेडवर काहीच भागत नाही.

म्हणजे ड्राइव्ह कामातून गेली होती. आणि स्क्रू सैल करण्याआधी मी मोटर आणि सांगाडा यांच्यावर खुणेची रेघ ओढली नव्हती. ती ड्राइव्ह किती आणि कुठल्या बाजूला सरकली होती, ही माहिती मी स्वतःच्या हाताने पुसून टाकली. त्या दिवशी याची किंमत कळली नाही, ती पुढे कळली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे मूळ प्रकारची डीडी (डबल डेन्सिटी) ड्राइव्ह जुनी मिळवायची. मिळते, पण तीही तितक्याच वयाची. तिची रेषा कुठे असेल, हेड किती झिजलं असेल, पैसे देऊन घरी आणल्याशिवाय समजत नाही.

दुसरा पर्याय गोटेक. फ्लॉपी ड्राइव्हच्या आकाराचा हा डबा यूएसबी पेनड्राइव्हवरच्या डिस्क-प्रतिमा (पूर्ण डिस्कची प्रत असलेल्या फाइली) यंत्राला खऱ्या फ्लॉपीसारख्या दाखवतो. त्यात फ्लॅशफ्लॉपी हे मोफत फर्मवेअर घातलं की अमिगाशी उत्तम जमतं. रोज वापरायच्या यंत्राला मी हाच सुचवतो. इथे मात्र मुलीची अट आडवी येत होती. शिवाय गोटेकला प्रतिमा लागतात, आणि त्या काढायला कुठली तरी खरी ड्राइव्ह लागतेच.

तिसरा पर्याय पीसीची १.४४ एमबीवाली एचडी (हाय डेन्सिटी) ड्राइव्ह. भंगारात गेलेल्या ऑफिसच्या संगणकांतून निघते, वयाने तरुण असते आणि बहुतेक वेळा रेषेत असते.

या तिसऱ्या पर्यायाबद्दल लोकांच्या मनात दोन उलट गैरसमज असतात. कोणाला वाटतं की कनेक्टर ३४ पिनांचा आहे, केबल बसते, म्हणजे काम झालं. कोणी म्हणतं, एचडी ड्राइव्हने डीडी डिस्क कायमच्या खराब होतात. हा दुसरा समज ५.२५ इंची काळातून आलाय आणि तिथे तो खराच होता. १.२ एमबीच्या ड्राइव्हचं हेड निम्म्या रुंदीचं. तिच्यात ३६० केबीची जुनी डिस्क पुन्हा लिहिली की जुन्या रुंद ट्रॅकच्या कडा तशाच उरायच्या, आणि मग एक्सटी या जुन्या पीसीच्या ड्राइव्हला नवंजुनं एकत्र ऐकू यायचं. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत ज्यांनी एटीवर (एक्सटीनंतरच्या पीसीवर) लिहिलेली फ्लॉपी एक्सटीवर नेली असेल, त्यांनी हा ताप अनुभवला असेल. ती ड्राइव्ह फिरायचीही मिनिटाला ३६० फेऱ्यांनी, डीडी ड्राइव्ह ३०० ने.

३.५ इंचीत हे दोन्ही प्रश्न नाहीत. डीडी असो वा एचडी, ट्रॅक ८०, रुंदी तीच, फेऱ्या ३००. म्हणून एचडी ड्राइव्ह डीडी डिस्क बिनधास्त वाचते आणि लिहिते. मात्र ड्राइव्ह एचडी आहे म्हणून अमिगा ५०० ला १.४४ एमबी मिळत नाहीत. त्यातली पॉला नावाची चिप डीडीच्याच वेगाने बिट घेऊ शकते, एचडीचा दुप्पट वेग तिला झेपत नाही. कॉमोडोरने पुढे मोठ्या अमिगांसाठी १.७६ एमबीची ड्राइव्ह दिली, तेव्हा एचडी डिस्क घातल्यावर फेऱ्या निम्म्या म्हणजे १५० करून हाच अडथळा ओलांडला. आपल्याला अमिगाच्या डीडी डिस्कच्या ८८० केबीच हव्या होत्या.

मी दोन एचडी ड्राइव्ह घेतल्या, एक अमिगात बसवायला आणि एक डिस्कच्या प्रतिमा काढायला. दोन घेण्याचा निर्णय पुढे फार उपयोगी पडला.

आधी डिस्क, मग यंत्र

मुलीला यंत्र चालू झालेलं आधी बघायचं होतं. मी नाही म्हणालो. दुरुस्त केलेली ड्राइव्ह नीट चालतेय की नाही हे बघायला तीस वर्षांपूर्वीची एकुलती एक प्रत वापरायची नसते. तिला पटलं, पण महिनाभर थांबावं लागलं.

पीसीचा नेहमीचा फ्लॉपी कंट्रोलर किंवा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह अमिगाची डिस्क वाचू शकत नाही. ड्राइव्हचं हेड वाचतं, पण कंट्रोलरला तो मजकूर समजत नाही. अमिगा एका ट्रॅकवर ५१२ बाइटचे ११ सेक्टर (तुकडे) सलग, मध्ये मोकळी जागा न ठेवता लिहितो. पीसी ९ लिहितो आणि प्रत्येकाभोवती स्वतःच्या खुणा ठेवतो. म्हणून ग्रीसवीझल हा छोटा बोर्ड वापरला. तो अर्थ लावायच्या भानगडीत न पडता डिस्कवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतो, अर्थ नंतर संगणकावर लावायचा. पूर्ण डिस्क म्हणजे १६० ट्रॅक, १७६० सेक्टर, ९,०१,१२० बाइट.

खोक्यात ३१ डीडी डिस्क होत्या आणि १५ एचडी. प्रत्येक डिस्क घालण्याआधी धातूचं झाकण सरकवून, चकती हाताने फिरवून दिव्याखाली पाहिली. चार डीडी डिस्कवर पांढुरके ठिपके होते. ती बुरशी. अशी डिस्क तशीच आत गेली तर हेड घाण होतं आणि पुढच्या चांगल्या डिस्कवर ओरखडे पडतात, म्हणून त्या चार बाजूला ठेवल्या. उरलेल्या २७ पैकी २४ पहिल्या फेरीत स्वच्छ आल्या. तीन जवळजवळ काहीच देईनात.

एचडी डिस्कची गोष्ट वेगळी निघाली. १९९५ च्या सुमाराला त्यांच्या गावात डीडी डिस्क सहज मिळेनात, तेव्हा काकांनी (मुलीच्या वडिलांना मी काका म्हणतो) एचडी आणून त्याच अमिगात ८८० केबीच्या म्हणून वापरल्या होत्या. अमिगा ५०० च्या ड्राइव्हला एचडी डिस्कच्या कोपऱ्यातलं ते दुसरं चौकोनी भोक दिसतच नाही, ते ओळखणारं बटणच तिच्यात नसतं. तिने एचडी डिस्कवरही डीडीसारखंच लिहिलं. पीसीच्या ड्राइव्हला मात्र भोक दिसतं. भोक उघडं दिसलं की ती एचडी समजून आतली सगळी घडी बदलते, सिग्नल गाळण्याची पद्धतसुद्धा. मजकूर डीडीचा आणि कान एचडीचा. पंधरापैकी दोनच डिस्क धड वाचल्या गेल्या.

कागदी टेपचा तुकडा भोकावर दोन्ही बाजूंनी लावला आणि पुन्हा घातल्या. बारा पूर्ण आल्या. तीन डिस्कवर काही सेक्टर गेलेच होते. एचडीचा लेप डीडीपेक्षा थोडा जास्त जोर मागतो, साधारण ६५० ऐवजी ७०० ते ७५० ओर्स्टेड (चुंबकीय जोराचं एकक). डीडीच्या जोराने लिहिलेलं त्यावर चालून जातं, पण तितकं पक्कं बसत नाही. टेप लावून एचडी डिस्क वापरावी का, असं मला विचारतात तेव्हा मी सांगतो की वाचायला अवश्य लावा. जपून ठेवायचं काही नव्याने लिहायचं असेल तर खरी डीडी डिस्कच शोधा.

दोन तारा

अमिगात बसवायच्या ड्राइव्हचं काम एका संध्याकाळचं, पण ते न करता नुसती केबल लावली असती तर काय झालं असतं ते सांगायला हवं.

पहिली गोष्ट हाक मारण्याची. अमिगा आपल्या पहिल्या ड्राइव्हला दहाव्या पिनवरून हाक मारतो. पीसीच्या ड्राइव्ह बाराव्या पिनवर कान देऊन बसलेल्या असतात, कारण पीसीत केबलला पीळ घालून पहिली-दुसरी ठरवतात. नुसती लावली तर ड्राइव्ह ढिम्म. जुन्या ड्राइव्हवर यासाठी जंपर असायचे. माझ्या ड्राइव्हवर फक्त सोल्डरच्या बारीक जागा होत्या, त्यातला एक थेंब उचलून शेजारी ठेवला.

खरी मेख पिन २ आणि पिन ३४ ची. अमिगाला पिन २ वर 'डिस्क बदलली' हा निरोप हवा असतो आणि ३४ वर 'मी तयार आहे' हा. पीसीची ड्राइव्ह 'डिस्क बदलली' हे ३४ वर सांगते, पिन २ घनतेसाठी (डिस्क डीडी की एचडी यासाठी) वापरते आणि 'तयार' बहुधा सांगतच नाही.

हे तसंच सोडलं तर वर्कबेंच चालू होतो, आणि धोका तिथेच आहे. माणसाला वाटतं झालं काम. डिस्क काढून दुसरी घातली तरी अमिगाला कळत नाही; तो पहिल्या डिस्कचा नकाशा डोक्यात ठेवून दुसरीवर लिहायला बसतो. एका साठवणीत दुसऱ्या डिस्कची वाट लागते. तेव्हाच्या माझ्या चाचणीत हे कोऱ्या डिस्कवर मुद्दाम करून मुलीला दाखवलं. ती गप्प झाली आणि म्हणाली, "बरं झालं तुम्ही आधी प्रती काढायला लावल्यात."

बोर्डावरचे पिन २ आणि ३४ कडे जाणारे दोन्ही तांब्याचे माग ब्लेडने तोडले. 'डिस्क बदलली' एका बारीक तारेने पिन २ वर नेलं. राहिलं 'तयार'. अनेक जण ३४ सरळ ग्राउंडला (शून्य व्होल्टला) जोडतात, म्हणजे ड्राइव्ह कायम तयार. एकच ड्राइव्ह असेल तर चालतं. या घरात मात्र बाहेरची दुसरी ड्राइव्ह होती, आणि 'तयार'ची तार दोघींना सामायिक असते. एक कायम हो म्हणत राहिली तर दुसरीच्या वतीनेही तीच बोलते. म्हणून पिन ३४ आणि पिन १० यांच्यात एक शॉट्की डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावला. या ड्राइव्हला हाक मारली जाईल तेवढाच वेळ 'तयार' खाली ओढलं जातं. दहा-बारा पेन्सचा भाग.

बटणाचं मात्र जमेना. अमिगाच्या कवचात डिस्क बाहेर काढायच्या बटणाची जागा ठरलेली आणि पीसीच्या ड्राइव्हचं बटण त्या रेषेत येत नाही. कवच कापायला मी तयार नव्हतो. थ्रीडी प्रिंटरवर वाकडा दांडा छापून घेतला, तो तिसऱ्या प्रयत्नात बसला.

त्या तीन डिस्क

तीन न वाचलेल्या डिस्कवरच्या चिठ्ठ्यांवर १९९६-९७ साल होतं. काकांच्या अक्षरात लिहिलेलं: "जोडाक्षरे १", "जोडाक्षरे २", "जोडाक्षरे ३". तेव्हा मुलीचं वाक्य आठवलं. त्या डिस्क लिहिल्या तेव्हा जुनी ड्राइव्ह सरकलेली होती. त्यांना वाचणारी रेषा जगात एकाच यंत्रात होती आणि ती मी मोडली होती. खूण असती तरी मोटर जागेवर आणून निदान खालची अर्धी बाजू तिच्याच हेडने वाचता आली असती, आणि किती सरकलंय हे तरी मोजता आलं असतं.

काकांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, पेशंटचा जुना एक्स-रे हरवला तर नवा काढतो ना आपण? शोध कुठे आहे ते."

प्रतिमा काढायच्या ड्राइव्हचाच बळी द्यायचं ठरवलं. या वेळी स्क्रू सैल करण्याआधी धारदार टोकाने मोटरवर आणि सांगाड्यावर सलग रेघ ओढली आणि फोटो काढला. मग फक्त ४० वा ट्रॅक पुन्हा पुन्हा वाचत राहायचं आणि अकरापैकी किती सेक्टर धड येतात ते मोजायचं. मोटर एका बाजूला जरा ढकलली, शून्य. जागेवर आणली, दोन. दुसऱ्या बाजूला ढकलली, पाच. स्क्रू थोडा आवळला की मोटर स्वतःहून किंचित हलते, त्यामुळे आवळल्यानंतरचाच आकडा खरा. रेघेची दोन टोकं जेमतेम अर्ध्या रेघेच्या जाडीने वेगळी झाली तेव्हा आठ आले. अजून एक श्वासभर. अकरा.

दोन डिस्क पूर्ण आल्या. तिसरीचे १७६० पैकी नऊ सेक्टर कुठल्याच रेषेवर आले नाहीत.

आता त्याच प्रसंगात असतो तर

हेड साफ केल्यावर थांबलो असतो. न वाचणाऱ्या ड्राइव्हचा स्क्रू हा शेवटचा उपाय, आणि तोही खूण करून. ऑसिलोस्कोप आधी लावला असता तर वरचं हेड मेल्याचं दहा मिनिटांत कळलं असतं आणि मोटरला हात लावायचं कारणच उरलं नसतं.

घरच्या माणसांच्या आठवणी आता मी वहीत शब्दशः उतरवून घेतो. यंत्र शेवटी कसं वागत होतं, काय चालायचं, काय बंद पडलं होतं, कुठल्या साली.

बुरशीच्या चार डिस्क मी सगळ्यात शेवटी धुतल्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड, चकती हळूहळू फिरवत. दोन पूर्ण वाचल्या, दोन अर्धवट. हा क्रम बरोबरच होता आणि तो मी बदलणार नाही. दोन ड्राइव्ह घेण्याचा निर्णयही तसाच. एकच असती तर जोडाक्षरांसाठी तिला सरकवताना हात धजावला नसता.

निष्पन्न

४६ पैकी ४० डिस्क पूर्ण, सहा अंशतः. सगळ्या प्रतिमा तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. बाहेरच्या ड्राइव्हसकट यंत्र नीट चालतंय, डिस्क बदललेली लगेच ओळखतंय, आणि डिस्क नसताना ठरावीक वेळाने येणारी अमिगाची ती टिक-टिकही परत आली आहे. त्या टिकटिकीतूनच तो 'डिस्क आली का' हे तपासत असतो.

गेलेले नऊ सेक्टर दोन चित्रांतले होते. त्यातलं एक ज्ञ. वरचा अर्धा भाग शाबूत, खाली नुसते रंगीत पट्टे. यंत्र परत दिलं त्या दिवशी काकांनी तेच उघडलं, बराच वेळ बघत राहिले आणि माउस जवळ ओढला. पट्टे पुसले, पहिल्यांदा गाठ वाकडी आली, ती खोडून पुन्हा काढली. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागली. खऱ्या डीडी डिस्कवर साठवलं, तिच्या चिठ्ठीवर "जोडाक्षरे ३, दुरुस्त" असं लिहिलं आणि डिस्क माझ्याकडे दिली.

घरी येऊन ती तिसऱ्याच, हात न लावलेल्या ड्राइव्हमध्ये घालून ग्रीसवीझलने वाचली. पहिल्या फेरीत सगळे १७६० सेक्टर आले.